चौदाची शिडी

६ जानेवारी १९७४, रविवार, हैदराबाद

पुन्हा तेच. किती वेळा लिहून कळवलं की मी बाटल्या धुत नाही, काचेच्या नळ्या धुतो, आणि त्याही मशीनच्या. तरी ग्यानोबाच्या पत्रात दुसऱ्याच ओळीला: "तू तिथं बाटल्या धुतोस हे मी वैद्यांना सांगितलेलं नाही. कंपनीत आहे एवढंच बोललो." कंपनी नाही ही. प्रयोगशाळा आहे. थोरल्या भावानं थोरलेपणा कुरुंद्याच्या शेतात दाखवावा, मला पत्रात दाखवू नये.

ही डायरी साहेबांनी मशीनच्या नोंदीसाठी दिली होती. नोंदीला अर्धं पान पुरतं. उरलेल्यात मी माझं लिहिणार. सातवीत दोनदा नापास झालो तरी अक्षर चांगलं आहे, हे सगळे मास्तर म्हणायचे.

भांडणाचं मूळ दिवाळीतलं. रजेवर गेलो तेव्हा ग्यानोबा मला शिरड शहापूरला घेऊन गेला, अमृतराव हाडवैद्यांची चांगुणा बघायला. वैद्यांच्या तेलानं आमच्या मायच्या गुडघ्यांची सूज उतरली, म्हणून मायला ते घर देवासारखं. ग्यानोबानं रीतीप्रमाणे सुपारी आणि सव्वा रुपया वैद्यांपुढं ठेवला. मुलीच्या बापानं तो उचलला की सोयरीक पक्की. वैद्यांनी तो बोटानं परत सरकवला. म्हणाले, "पोरगं बरं हाय. पर ते नेमकं काय करून राहिलंय ते मला कुणाला सांगता आलं पायजे. काम काय ते आधी कळू द्या, मग ठेवा सव्वा रुपया."

मला काही पडलेली नाही. लग्नाची घाई ग्यानोबाला आहे.

त्या दिवशी वसमतपासून एस.टी.च्या मागच्या बाकावर बसून आलो होतो, डोक्यात सगळी धूळ. चांगुणा चहा घेऊन आली, माझ्या केसांकडं बघितलं आणि मान खाली घालून आत गेली. आतून आवाज आला, "साळू आलंय गं." म्हणजे साळिंदर, अंगावर उभे काटे. मग बायका हसल्या. हैदराबादला उतरल्या उतरल्या मी सुलतान बाजारातून हिरवं सुगंधी तेल घेतलं. सकाळी एकदा, दुपारी एकदा लावतो. आता एक केस उभा राहील तर शप्पथ. हे तिच्यासाठी नाही. माणसानं नीट राहावं म्हणून.

९ जानेवारी

वैद्यांना काम सांगायचं तर कसं सांगायचं, ते इथं लिहून बघतो.

मशीनचं नाव मास स्पेक्ट्रोमीटर. ते एका खोलीएवढं आहे, त्याला लोहचुंबक आहे आणि पातळ नायट्रोजन पाजावा लागतो. पाजतो मी. तांदळाच्या दाण्याएवढी काचेची नळी असते, तीत कणभर औषध घालून आत सरकवायची. आत हवासुद्धा नाही. तिथं त्या औषधावर विजेचा मारा होतो, त्याचे तुकडे होतात, आणि मशीन तुकड्यांचं वजन करतं. मग लांब कागद बाहेर येतो. त्याच्यावर सुळके. साहेब त्यांना पीक म्हणतात. पीक म्हटलं की मला हळद आठवते, म्हणून मी सुळके म्हणतो.

नळ्या धुऊन रांगेत लावणं आणि कागदावरचे सुळके मोजून प्रत्येकाखाली पेन्सिलीनं आकडा घालणं माझ्याकडं आहे. मोजण्यात मी साहेबांहून पक्का. मध्ये अडलो तर पेन्सिलीनं डोकं खाजवतो, लगेच आठवतं. नळ्या उचलायला चिमटा दिलाय, पण माझी बोटं चिमट्याहून चलाख आहेत.

१४ जानेवारी, सोमवार

साहेब म्हणजे डॉ. नरसिंगराव. तेलुगू माणूस, बोलतात हिंदी, मी आपल्या भाषेत लिहितो. आज त्यांनी विचारलं, "सटवाजी, यात मालक कोण?" मी सगळ्यात उंच सुळक्यावर बोट ठेवलं. ते म्हणाले, "तो नुसता तुकडा. सगळ्यात जास्त वेळा पडतो म्हणून उंच. न फुटलेला अख्खा जीव शेवटी बघ, उजव्या टोकाला."

शेवटी एक बुटका सुळका होता. त्याच्यावर आकडासुद्धा मी आळसानं घातला होता.

आमच्या घरात असंच आहे. आवाज ग्यानोबाचा उंच, पण घर मायचं, आणि ती कोपऱ्यात बसलेली असते.

२१ जानेवारी

आज साहेबांनी खरी मेख सांगितली. "आकडे वाचू नकोस. दोन आकड्यांमधलं अंतर वाच. अठरा कमी झाले तर पाणी गेलं. पंधरा कमी झाले तर टोकाचा एक छोटा तुकडा गळाला. काय गेलं ते कळलं की काय होतं ते कळतं."

मग एका कागदावर त्रेचाळीस, सत्तावन्न, एकाहत्तर, पंच्याऐंशी, नव्व्याण्णव असे सुळके दाखवले. दर वेळी चौदाची पायरी. "ही शिडी दिसली की समज, जमिनीतून निघालेलं तेल. रॉकेल, मशीनचं ऑइल, त्यातलंच काहीतरी." एवढं बोलून ते चिडले, कारण त्या कागदावर शिडी असायला नको होती. औषध वेगळंच होतं. दोन महिने झाले, प्रत्येकाच्या कागदावर ही शिडी चढून बसते. कॉलेजातून आलेल्या एका बाईंचं पाच वर्षांचं काम तिच्यामुळं अडलंय.

मशीन चालवणारा शंकरसिंग. साहेबांना वाटतं त्याच्या पंपाचं तेल आत येतं. त्यानं तिसऱ्यांदा पंपाचं तेल बदललं आणि माझ्यावर खेकसला, "कायकू देख रा? काम कर." रिकामं मशीन चालवलं की शिडी गायब. नळी घातली की हजर. शंकरसिंग म्हणतो मशीनला नजर लागली. मी एक लिंबू बांधलं. साहेबांनी काढायला लावलं.

२२ जानेवारी

शिडी. दुपारी परत शिडी.

मला आता शिडी लांबूनसुद्धा ओळखू येते. साहेब म्हणाले, "छान, पण तुला तेवढंच ओळखू येतं."

३ फेब्रुवारी, रविवार

गावाकडून हळद विकायला आलेल्या माणसाबरोबर मायनं गाठोडं धाडलं. भाकरी, जखमेला लावायला हळकुंडं, आणि वैद्यांच्या तेलाची एक बाटली, माझ्या खांद्यासाठी. नायट्रोजनचं भांडं उचलून खांदा धरतो हे मी कधीतरी लिहिलं होतं. बाटलीबरोबर ग्यानोबाचा निरोप: "तेल वैद्यांनी स्वतःहून दिलं. पण विचारत होते, पोरगं बाटल्या धुतं म्हणतात ते खरं का. कुणी सांगितलं देव जाणे."

देव कशाला. ग्यानोबानंच सांगितलं.

म्हणजे वैद्य माझं काम तोलणार. तोलावं. माझ्याकडंसुद्धा काटा आहे, आणि त्यांच्यापेक्षा मोठा आहे.

८ फेब्रुवारी, शुक्रवार

शंकरसिंग जेवायला घरी गेला. साहेब मीटिंगला. मी डोक्याला दुपारचं तेल लावलं, भांग नीट केला, एक नळी उचलली, वैद्यांच्या तेलाचा थेंब तीत घातला आणि बटणं दाबली. बटणं कोणती ते वर्षभर बघतोय.

कागद बाहेर आला. आधी कोरा असतो, मग ट्यूबलाइटखाली हळूहळू रेघा उमटतात. मी खाली बसून मोजलं.

त्रेचाळीस. सत्तावन्न. एकाहत्तर. पंच्याऐंशी.

दोनदा मोजलं. डोकं खाजवून तिसऱ्यांदा मोजलं. शिडीच. पुढं अजून बरेच सुळके होते, त्यांच्याकडं बघायला वेळ नव्हता, शंकरसिंगची सायकल वाजली.

शिरड शहापूरचे देव तेलात रॉकेल घालतात. आणि मला विचारतात, काम काय.

९ फेब्रुवारी

ग्यानोबाला कळवलं. आंतर्देशीय संपलं होतं म्हणून पोस्टकार्डावरच. "वैद्यांच्या तेलात रॉकेल किंवा मशीनचं ऑइल आहे. लाखो रुपयांच्या यंत्राने सिद्ध झाले. मायला लावू देऊ नये." सिद्ध हा शब्द लिहिताना फार बरं वाटलं.

पेटीत टाकल्यावर वाटलं, चांगुणा काय म्हणेल. मग वाटलं, म्हणू दे.

२५ फेब्रुवारी

ग्यानोबाचं पत्र. पोस्टकार्ड आमच्या घरी पोचायच्या आधी पोस्टमननं वाचलं, चावडीनं वाचलं, आणि बाजाराच्या दिवशी ते तोंडी शिरड शहापूरला पोचलं. चार गिऱ्हाइकांनी बाटल्या परत नेऊन दिल्या. वैद्यांचा निरोप एवढाच: "पाव्हण्यांना म्हणावं, कागद घेऊन या. माझ्या अंगणात दाखवा."

जातो. कशाला भ्यायचं. कागद काळ्या पाकिटात ठेवतात साहेब. ते पाकीट दवाखान्याच्या फोटोसारखं दिसतं, अशुभ. माझा कागद मी त्या पाकिटात तळाशी लपवला होता, तो गुपचूप काढून नव्या पांढऱ्या रुमालात गुंडाळला.

१० मार्च, रविवार, कुरुंदा

लिहिणार नव्हतो. पण लिहिलं नाही तर डोक्यातून जाणार नाही.

सकाळी अकराला वैद्यांच्या अंगणात वीसेक माणसं. ऊन लख्ख. वैद्य बाजेवर. म्हणाले, "बसा. आधी येवढं सांगा, तुमचं यंत्र करतंय काय?"

पाठ केलेलं बोललो. "मडकं फोडायचं, खापऱ्या तोलायच्या, आन् खापऱ्यांवरून मडकं कसलं ते सांगायचं."

वैद्य म्हणाले, "आन् न फोडता बघितलं तर न्हाई का चालत?"

माणसं हसली. मी कागद उलगडला. चार हात लांब. दोघांना दोन टोकं धरायला लावली आणि काडीनं दाखवायला लागलो. "हे बघा त्रेचाळीस. हे सत्तावन्न. मधी चौदा." एकाहत्तरला पोचलो तेव्हा शेजारची म्हातारी पारुबाई म्हणाली, "आरं, तुझं ते पहिलं कुठं गेलं?"

बघतो तर कागद काळपट पडायला लागला होता. त्रेचाळीस गेला. सत्तावन्न अंधूक. मी घाईनं पंच्याऐंशीवर काडी ठेवली.

"कुठंय?"

"हे काय, इथं."

"आता व्हतं," पारुबाई म्हणाली. "खरं बोलावं. आता व्हतं."

बघता बघता सगळा कागद वांग्याच्या रंगाचा झाला. ऊन लागलं की असं होतं हे मला कुणी सांगितलं नव्हतं. काळं पाकीट सांगत होतं, पण मी त्याला विचारलं नव्हतं.

मग चांगुणा बाहेर आली. एका हातात तेलाची वाटी, एका हातात काड्याची पेटी. माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. बापाशी बोलली. "आबा, तेल मी कढवते. काय घालते ते मला ठावं. रॉकेल रेशनला रांगेत उभं राहून मिळतंय, तेबी घरटी दोन लिटर. ते तुमच्या तेलात वतायला मी काय येडी हाय?"

तिनं काडी ओढली आणि जळती काडी सरळ वाटीत बुडवली. विझली. दुसरी ओढली. विझली.

"रॉकेल असं विझतंय व्हय?" ती सगळ्यांना म्हणाली. मग पेटी पदरात ठेवता ठेवता, "आबा, पाव्हण्यांच्या डोक्याला एक काडी लावून बघायची का? वास तर वेशीपासून येऊन राहिलाय."

एवढं मोठं हसू मी त्या गावात कधी ऐकलं नव्हतं. वैद्यांनीसुद्धा मिशीवर हात ठेवला.

परत येताना एस.टी.त ग्यानोबा पुढच्या बाकावर जाऊन बसला. त्याच्या खिशात सुपारी आणि सव्वा रुपया होता, मला माहीत होतं. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

घरी माय भिंतीला टेकून गुडघे दाबत होती. "लेकरा, तू सांगितल्यापासून लावलं न्हाई मी तेल," म्हणाली. "चांगलं कमी आलं व्हतं रं."

१३ मार्च

हैदराबाद. काचीगुडा स्टेशनवर उतरलो तेव्हाच ठरवलं, ती पोरगी उद्धट आहे. बरं झालं.

मोठ्या माणसांसमोर पाव्हण्याच्या डोक्याचं नाव काढायचं काय कारण. तेल साडेतीन रुपयांचं आहे.

१४ मार्च

दिवसभर मोजणीत चुकलो. काडी, काडी, काडी.

१५ मार्च, शुक्रवार

शंकरसिंग जेवायला गेला. म्हटलं बघू तर खरं, नुसतं बघू. शंकरसिंगनं स्वतः धुऊन चिमट्यानं ठेवलेली एक नळी घेतली, चिमट्यानंच. आधी ती रिकामीच चालवली. कागद कोरा. मग माझ्या हिरव्या तेलाचा टाचणीच्या टोकाएवढा कण.

त्रेचाळीस. सत्तावन्न. एकाहत्तर. पंच्याऐंशी. नव्व्याण्णव. सरळ, उंच, पायरीला पायरी.

मग मी धुतलेली एक नळी, रिकामी. पुन्हा शिडी, बारीक, पण शिडीच.

तिन्ही कागद जमिनीवर शेजारी शेजारी मांडले. दिवाळीपासून चार महिने माझं डोकं बोटांवरून या मशीनमध्ये जात होतं. पंपाचं तेल, बाईंची पाच वर्षं, शंकरसिंगच्या शिव्या, वैद्यांच्या चार बाटल्या. आणि सगळ्यात आधी कुणी वाचलं, तर चौथी शिकलेल्या पोरीनं, नाकानं.

१६ मार्च

सकाळी न्हाव्याकडं जाऊन डोक्याचा गोटा केला. मग साहेबांपुढं उभा राहिलो.

साहेब चटकन उठले. खांद्यावर हात ठेवला. "कोण गेलं?"

"शिडी गेली, साहेब."

सगळं सांगितलं. वैद्यांच्या तेलाचं, चोरून मशीन चालवल्याचं, कागद नेल्याचंही. वाटलं, आज पगार हातात घेऊन काचीगुडा. साहेब खिडकीबाहेर बघत राहिले. त्यांचे खांदे हलत होते. म्हटलं फार संतापले. वळले तेव्हा चष्मा पुसत होते.

"त्या हिरव्या तेलाचा मूळ माल आणि रॉकेल सख्खे भाऊ आहेत," म्हणाले. "पण सटवाजी, चिमटा वापरला असता तरी चाललं असतं. केस कशाला काढलेस?"

शंकरसिंग एवढंच म्हणाला, "हौले." म्हणजे येडा. सगळ्या नळ्या माझ्याकडून पुन्हा धुऊन घेतल्या, दोनदा.

१८ मार्च

साहेब म्हणाले, "आण ती बाटली. आता बरोबर कर. वाचायचं तूच."

आधी रिकामी नळी. कोरा कागद. मग वैद्यांचं तेल, हलक्या आचेवर. शिडी नाही. एकसुद्धा पायरी नाही. मी डोकं खाजवायला हात नेला, तिथं काही नव्हतं.

शेवटून सुरुवात केली. अख्खा जीव दोनशे सोळा. त्याच्या अलीकडं दोनशे एक, म्हणजे पंधरा गेले, टोकाचा छोटा तुकडा. मग एकशे एकोणीस. आणि सगळ्यात उंच त्र्याऐंशी. हे कोण ते मला येईना. साहेब सांगेनात. "अंदाज करू नकोस. तुला जे वाटतं ते घेऊन ये आणि शेजारी ठेव."

खोलीवर जाऊन मायनं दिलेलं हळकुंड आणलं. कुटून, कणभर, तशीच आच. दोनशे सोळा, दोनशे एक, एकशे एकोणीस, त्र्याऐंशी. दोन कागद एकावर एक ठेवून उजेडाकडं धरले, सुळक्यावर सुळका. मग घाबरून लगेच खाली घेतले.

आच वाढवली तेव्हा मागून तिळाचं तेल आलं. साहेबांनी सांगितलं तेवढं मी लिहून घेतलं.

वैद्यांच्या तेलात आमच्याच कुरुंद्याची हळद आहे, आणि चांगली आहे. काळ्या शाईनं जाड कागदावर सगळे सुळके उतरवले, कुठला उंच का तेही खाली लिहिलं. शाई उन्हात जात नाही. साहेबांनी कोपऱ्यात सही केली.

१९ मार्च

कागद टपालानं वैद्यांना. पत्र मात्र पोस्टकार्डावरच, तेही वैद्यांच्या नावानं. पहिलं सगळ्यांनी वाचलं, मग हेही वाचावं. "तेलात रॉकेल नाही. रॉकेलचे भाऊबंद माझ्या डोक्यात होते. कागद वेगळा पाठवला आहे, तो उन्हात धरला तरी चालेल. डोके साफ केले आहे." मायला वेगळं लिहिलं की गोटा केलाय पण कुणी गेलेलं नाही, आणि तेल लाव.

चांगुणाचं नाव कुठंच घातलं नाही. घालून उपयोग काय.

४ एप्रिल

आज शिरड शहापूरचं पोस्टकार्ड. मजकूर वैद्यांचा, अक्षर बारीक आणि गोल, वैद्यांचं नाही.

"पत्र पोचले. आमच्या आधी गावाने वाचले. तुमचा कागद भिंतीला लावला आहे. लोक त्र्याऐंशीचा सुळका उंच का म्हणून विचारतात, मी सांगतो की सगळ्यात जास्त वेळा पडतो तो तुकडा. बरोबर आहे का कळवावे. परत आलेल्या चार बाटल्या तशाच आहेत, त्या आता कुणी नेत नाही, तीन रुपयाची एक. तुमच्या मातोश्री जनकाबाईंनी तेल पुन्हा सुरू केले. तुमचे काम काय ते आता आम्हाला सांगता येते."

खाली कोपऱ्यात, शाई तीच, पण मजकूर वैद्यांचा नसावा: "डोक्याला आता काय लावता?"

पोस्टकार्ड शंकरसिंगला वाचून दाखवलं. शेवटची ओळ सोडून.

६ एप्रिल, शनिवार

पोस्टात मनिऑर्डरचा फॉर्म घेतला. निरोपाची जागा दोन बोटांएवढी. तीनदा लिहून खोडलं, चौथा फॉर्म मागितला तेव्हा बाबू कुरकुरला. शेवटी एवढंच लिहिलं: "चारी बाटल्या मी घेतल्या. माझ्यासाठी ठेवाव्या. डोक्याला तेच लावीन." बाकीचं लिहायला जागा नव्हती, आणि लागणारही नाही. चार बाटल्यांचे बारा होतात हे तिला कळतं. वरचं अंतर किती आणि ते कशाचं, तेही तिला वाचता येईल.

पाठवले: रुपये तेरा, पैसे पंचवीस.